नाव सांगा, भांडं न्या

रविवार, माघ महिना, सकाळी साडेसात. ठिकाण: हिंगोली, एसटी आगारासमोरचं चहाचं हॉटेल.

हजर: चित्रकलेचे सर (निवृत्त होऊन वर्ष झालेलं), विज्ञानाच्या म्याडम (गाडी त्यांची, चालवणाऱ्याही त्याच) आणि मी, शाळेची लिपिक. सामान: रिकामी पोती दोन, पाण्याच्या बाटल्या तीन, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, एक वही, दोन पेन. सरांच्या खिशात चिंच.

ही नोंद माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात आहे. मी कुठेही गेले तरी आधी कोण कोण हजर ते लिहिते. त्या रविवारी मी घरी राहिले असते तर आज ही वही उघडायला मला कपाटापर्यंत जाऊन परत यावं लागलं नसतं. दोनदा वही न काढताच परत आले.

जायचं होतं वसमतला. तिथे बाजाराच्या एका कडेला जुन्या वस्तू मांडून बसतात. विज्ञानाच्या म्याडमचं नवं घर झालं होतं आणि हॉलमध्ये ठेवायला त्यांना काहीतरी जुनं, भारदस्त पाहिजे होतं. ग्रामोफोनचा कर्णा, निजामाच्या काळातलं कुलूप, पितळी समई. मोबाइलवर त्यांनी फोटो जमवून ठेवले होते. सरांना यातलं काही नको होतं. सरांना फक्त नाव घातलेली भांडी लागत.

लग्नात, बारशाला भांडं दिलं की त्यावर नाव घालायची आपली रीत आहे. भांड्याच्या दुकानाबाहेर बसलेला माणूस छिन्नीने टिंब टिंब करत अक्षरं उठवतो. पुढे घरात स्टील येतं आणि तांबं-पितळ मोडीत जातं. जुनं वजनावर द्यायचं, नवं घ्यायचं. त्यातलं बरंचसं वितळतं. थोडं चुकूनमाकून बाजारात येऊन बसतं. सर ते विकत घेत, ज्याचं नाव असेल त्याचं घर शोधून काढत आणि भांडं नेऊन देत. फुकट. का, असं विचारलं की म्हणत, "नाव घातलंय ना त्याच्यावर? मंग?" यापुढे त्यांनी कधी काही सांगितलं नाही. शाळेत त्यांना कोणी छांदिष्ट म्हणायचे. गावात याहून वाईट शब्द चालायचा.

नाव नसलेल्या भांड्याला ते मुकं म्हणायचे. एकदा म्याडमनी उंच सुंदर समई हातात घेतली, तर सरांनी ती फिरवून बघितली आणि खाली ठेवली. "मुकी हाय. सोडा."

चिंचेचा गोळा प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी सदऱ्याच्या खिशात. त्यामुळे सरांच्या प्रत्येक सदऱ्याला डाव्या बाजूला तपकिरी डाग होता. बाजारात उकिडवं बसून ते भांड्याचा तेवढाच भाग घासत जिथे नाव असेल, आणि उरलेली चिंच तोंडात टाकत. म्याडम तोंड फिरवायच्या. नाव उजळलं की सर उभे राहत आणि भर बाजारात ते वाचत. तीस वर्षं वर्गात हजेरी घेतलेला आवाज.

"गयाबाई भ्रतार मारोती! हाजिर हाईत का?"

भांड्यावर 'भ्र.' एवढंच असायचं. आमच्याकडे जमिनीच्या कागदावरही बाईच्या नावापुढे नवरा असाच येतो. सर मात्र तो शब्द पूर्ण म्हणत. मग थांबत. मनात पाचपर्यंत मोजत असावेत. कोणीतरी टवाळखोर बायकी आवाज काढून ओरडे, "हाजिर, सर!" बाजार हसे. सर ना हसत, ना रागावत. "बसा खाली," म्हणत, आणि पुढचं भांडं उचलत.

मी यात आले ती रजिस्टरामुळे. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर माझ्या ताब्यात असतं. कोणतं लेकरू कधी आलं, कधी गेलं, बापाचं नाव काय, गाव कोणतं, सगळं त्यात. भांड्यावरच्या बाईचा नवरा कोणाचा तरी बाप असणारच, हा सरांचा हिशोब. दर सोमवारी ते ऑफिसात यायचे, टेबलाच्या कोपऱ्यावर टेकायचे आणि म्हणायचे, "बाई, मारोती बघा. गाव बहुतेक औंढ्याकडलं." मला काम अर्धवट आवडत नाही. दोन महिन्यांत मी त्यांच्या खिशातल्या चिठ्ठ्या गोळा करून वही केली. अनुक्रमांक, भांडं, त्यावरचा मजकूर, कुठे मिळालं, घर सापडलं का, परत केल्याची तारीख, शेरा. सरांना वही फार आवडली असं नाही. "शेरा कशाला?" म्हणाले.

"का विकलं, कोणी विकलं, ते कळायला नको?"

"मला काहून कळायला पाहिजे?"

पण मी रकाना ठेवला. तो माझ्यासाठी होता.

परत करण्याचीही त्यांची एक पद्धत होती, आणि तिचा लोकांना वैताग यायचा. सर भांडं पिशवीतून काढत नसत. दारात उभं राहून विचारत, "तुमच्या घरात कोणाच्या नावाचं भांडं होतं? नाव सांगा, भांडं न्या." कळमनुरीच्या एका वकिलांनी आम्हाला आत बसवलं, चहा दिला, पण त्यांना आजीचं नाव आठवेना. "आजीच म्हणायचो हो आम्ही. नाव कोण घेतंय?" सर उठले. "मंग अजून ते तुमचं न्हाई," म्हणाले आणि परातीसकट परत निघाले. मी शेरा लिहिला: आजीचे नाव माहीत नाही. शिक्षण एलएल.बी.

धान्याच्या मोंढ्यामागे एक घर होतं. त्यांचं घंगाळ सरांनी नेऊन दिलं. तीन महिन्यांनी ते पुन्हा बाजारात. सरांनी पुन्हा घेतलं, पुन्हा दिलं. तिसऱ्या वेळी घरमालक दारातच हात जोडून म्हणाला, "सर, तुमी आणूनच देऊन राहिले, आमी इकूनच राहिलो. कोणाला तरी थकू द्या." म्याडम गाडीत बसून हसत होत्या. मी मात्र हसले नाही. मी शेरा लिहिला होता: आई हयात असताना विकले. तिसऱ्यांदा.

असे शेरे मी सात-आठ ठिकाणी लिहिले. 'आई हयात असताना.' काही ठिकाणी तोंडावरही बोलले. सेनगावच्या एका सुनेला मी विचारलं होतं, "सासूबाई आतल्या खोलीत बसलेल्या आहेत आणि तुम्ही त्यांचा डबा मोडीत दिलात?" ती रडली. सर बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई, आपण भांडं द्यायला आलो होतो."

एकदाच सगळं बरोबर झालं. औंढ्याच्या बाजारात सरांनी नाव पुकारलं आणि मेंढरांमागे फिरणारा एक म्हातारा गर्दीतून पुढे आला. "माही माय हाय ती." सरांनी दुधाची कासांडी त्याच्या हातात दिली. त्याने ती घोंगडीखाली घातली आणि चालू लागला. सर महिनाभर खूश होते. माझा शेरा: आभार मानले नाहीत.

तर तो रविवार. वसमतला आम्ही नऊच्या पुढे पोचलो. म्याडमना कुलूप मिळालं, हाताच्या पंजाएवढं, किल्लीसह. त्या तिथेच त्याचे फोटो काढत बसल्या. सर एका चाचांच्या ताडपत्रीपुढे उकिडवे बसले होते. ढिगातून त्यांनी एक फिरकीचा तांब्या काढला. पूर्वी प्रवासाला पाणी न्यायला असायचा तसा, आटे फिरवून झाकण लावायचा. तळाशी गळती बुजवायला रुपयाएवढा डाग दिलेला.

"उसका ढक्कन खुलताइच नै सर," चाचा म्हणाले. "जाम है. तोडना पडेगा."

सरांनी जोर लावून पाहिला. म्याडम म्हणाल्या, "जरा तापवा. धातू प्रसरण पावतो."

"इथं कुठं तापवता म्याडम? तुमच्या कारवर?" असं म्हणत सरांनी तांब्या माझ्याकडे दिला. "बाई, धरा जरा. चिंच काढतो."

मी धरला. वही काखेत होती. दोन्ही हात मोकळे होते. एका हाताने तळ धरला गेला, दुसऱ्याने झाकण, आणि ते मी फिरवलं. सगळी माणसं फिरवतात त्याच्या उलट्या बाजूला. झाकण उघडलं.

"वा म्याडम," चाचा मला म्हणाले, "हात में जादू है."

माझ्या आईच्या तांब्याचे आटे उलटे होते. घडवणाऱ्याची चूक. माझ्या आजोबांनी तो लग्नात तिला दिला आणि दुकानदार बदलून देतो म्हणत असताना बदलून घेतला नाही. राहू दे, म्हणाले, हिच्याशिवाय कोणाला उघडणार नाही. लहानपणी आम्हा दोघा भावंडांना आईने ते गुपित सांगावं तसं शिकवलं होतं.

सरांचा हात खिशाशी थांबला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं की तांब्याकडे, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. त्यांच्या काही लक्षात आलं नसेल, असं धरून मी चालले. त्यांनी तांब्या घेतला, घासला, उभे राहिले.

"कावेरीबाई भ्रतार दत्तराव! हाजिर हाईत का?"

एरवी पाचपर्यंत थांबायचे. त्या दिवशी खूप वेळ थांबले. कोणी टवाळीही केली नाही. माझी आई तेव्हा हिंगोलीत, माझ्या घरात, खिडकीजवळच्या खाटेवर होती.

"लिहा बाई," सर म्हणाले.

मी लिहिलं. अनुक्रमांक त्रेसष्ट. फिरकीचा तांब्या, तांब्याचा, तळाशी डाग.

आता मागचं सांगते. त्याआधीच्या वर्षी आईला गावाहून माझ्याकडे आणलं. गाव औंढ्याजवळ. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, भाऊ पुण्याला, रिकामं करायला मला रजा मिळाली दोन दिवस. मी तीन याद्या केल्या: ठेवायचं, द्यायचं, मोडीत. तांबं-पितळ तीन पोती भरलं. त्यातून स्टीलच्या डब्यांचा सेट आला, एकावर एक बसणारा, आजही माझ्या ओट्यावर आहे. आई म्हणाली होती, "तेवढा तांब्या ठेव गं." मी म्हणाले, "दादाकडं पाठवते, नीट राहील." आणि तो तिसऱ्या यादीत लिहिला. तिला आता कोणत्या प्रवासाला जायचं होतं? असा माझा तेव्हाचा विचार. व्यवहाराचा म्हणून तो अजूनही चुकीचा वाटत नाही, हे वाईट आहे.

वसमतहून परत येताना औंढ्याच्या अलीकडे सर मागच्या सीटवरून म्हणाले, "बाई, तुमचं गाव इकडलंच ना?"

"हो. आता कोणी नाही तिथे."

"बराबर," सर म्हणाले.

सोमवारी ते आले, टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले. "दत्तराव बघा."

माझा भाऊ याच शाळेत शिकला. त्याच्या नोंदीचं पान मला पाठ आहे. मी रजिस्टर उघडलं, ते पान सोडून बाकीची उलटली, आणि म्हणाले, "सापडत नाही."

"बघा सावकाश. घाई न्हाई."

मला त्याच वेळी सांगता आलं असतं. ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. पण वही टेबलावर उघडी होती आणि तिच्यातले माझे शेरे मला दिसत होते. सेनगावची ती सून. मोंढ्यामागचा तो माणूस. सरांना सांगणं म्हणजे त्यांच्यासमोर तो रकाना माझ्याच हाताने भरणं होतं. पुढच्या सोमवारी सांगू, असं ठरवलं.

पुढच्या सोमवारी ते आले. "सापडलं?"

"नाही."

हे सव्वा वर्ष चाललं. इतर नावं सापडत होती, भांडी परत जात होती, मी शेरे लिहायचं बंद केलं होतं आणि सरांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. शेवटी उठताना मात्र दर वेळी, अगदी साध्या आवाजात, "आणि त्रेसष्ट?" कधी कधी मला वाटायचं, त्यांना माहीत आहे आणि ते मला छळून राहिले आहेत. कधी वाटायचं, संधी देऊन राहिले आहेत. या दोन्हींत फार फरक असतो असं मला आता वाटत नाही.

घरी आई विचारायची. आधी महिन्यातून एकदा, मग रोज. "दादानं तांब्या आणला का गं?" मी म्हणे, दिवाळीला आणेल. दिवाळी झाली. शेवटच्या दोन महिन्यांत तिने स्टीलचा पेला तोंडाला लावणं सोडलं. मी पेला हातात दिला की ती दुसरा हात त्यावर ठेवायची आणि नसलेलं झाकण फिरवायची. उलटं. मग माझ्याकडे बघायची, उघडत नाही म्हणून.

मी चमच्याने पाणी पाजलं. तांब्या सरांकडे होता. सरांचं घर माझ्या घरापासून चार गल्ल्या दूर आहे.

आई गेल्याचा निरोप मी शाळेच्या ग्रुपवर टाकला. पूर्ण नावासकट टाकावा लागतो. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. सरांनी काही पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः आले. सतरंजीवर बसले. दादाने त्यांना पाणी दिलं. समोर आईचा फोटो होता आणि खाली नाव. सरांनी ते वाचलं. बाजारातल्यासारखंच, मोठ्याने, फक्त पुढचा प्रश्न न विचारता.

"कावेरीबाई भ्रतार दत्तराव."

दादा म्हणाला, "तुम्ही आईला ओळखत होता का, सर?"

"नाव ऐकून होतो," सर म्हणाले.

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. चपला घालताना खाली बघतच ते म्हणाले, "आता सोमवारी येत न्हाई मी, बाई."

मला वाटलं, तांब्या आणून देतील. अनोळखी माणसांकडे तीस-तीस किलोमीटर एसटीने गेलेला माणूस, चार गल्ल्या येईल. आठवडा गेला, महिना गेला. मग राग आला, तो अजून आहे. त्या म्हाताऱ्या मेंढपाळाला भर बाजारात हातात दिलं. मोंढ्यामागच्या निर्लज्जाला तीनदा दिलं. माझ्यासाठीच काय तो नियम? मी काही नाव विसरले नव्हते. पण त्यांचा नियम पहिल्यापासून एकच होता, आणि तो वहीच्या पहिल्या पानावर मीच लिहून ठेवला आहे.

गेल्या पावसाळ्यात सरांना मुलीने नांदेडला नेलं. गुडघे गेले होते, एकट्याने राहणं होईना. घर दोन दिवसांत रिकामं झालं. मुलगी नोकरीवाली, रजा तेवढीच. परत न गेलेली सगळी भांडी मोडीत गेली. तीन पोती भरली असं ऐकलं. मी मदतीला गेले नाही. शाळेत तपासणी होती.

त्यांच्या समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. दसऱ्याआधी ब्लाउज टाकायला गेले तर त्यांच्या मशीनमागे, फळीवर, तो तांब्या. चिंचेने घासलेला, लखलखीत.

"सर ठिऊन गेले," ताई म्हणाल्या. "सगळं मोडीत जाऊ दिलं, एवढा न्हाई जाऊ दिला. मला म्हणले, कोणी नाव सांगितलं तर द्या, न्हाई सांगितलं तर राहू द्या. आता मी कोणाला इचारू? नाव मला वाचता येतंय, पण माणूस कोणतं? अन् फिरकी एवढी घट्ट, आमच्या ह्यांनाबी उघडंना. तुमी तर सगळ्यांना वळखता. कोणाचा हाय, म्याडम?"

"असेल कोणाचा तरी," मी म्हणाले. "बाह्या जरा लांब ठेवा."

ब्लाउज आणायला मी शेजारणीला पाठवलं.

वही माझ्याकडे आहे. त्रेसष्टसमोर तारखेचा रकाना कोरा आहे आणि शेराही. दर रविवारी सकाळी मी कामांची यादी करते. आजची: गॅसचा नंबर लावणे. दादाला फोन. पाण्याची टाकी धुणे. हळद दळून आणणे. शिवणवाल्या ताईंकडे जाऊन नाव सांगणे.

पहिली चार दुपारपर्यंत झाली.